तुसातली उडी

"चूक माझी हाय, कौसाबाय. पोरीची नाय, पंचाची नाय, वालूची पन नाय. माझी."

"म्हंजी चूक तुमची न हात आमचा?"

"त्याच्यासाठीच त आलेय ना मी."

"आल्यात त बसा. चाय पिवा न जावा. पन आमची बाली आता उड्या मारनार नाय. ती एकटी नाय, या वाडीचा एक पन पोर तुमच्या त्या खड्ड्यात पाय ठेवनार नाय. घरोघर फिरून सांगून आलेय मी."

कौसाबाई हे बोलली ते चुलीकडे तोंड करून. पाठमोऱ्या बाईशी भांडायचं कसं, ते रोहिणीला सुधरेना. ती ओट्यावर टेकली.

बारवी धरणाच्या मागच्या अंगाला, रानाला खेटून भोकरवाडी आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत रोहिणी भोईर शिकवते. पहिली ते चौथीची पोरं, एक राजेश सर आणि एक ही बाई. सर हेडमास्तर, म्हणून कागद त्यांच्याकडे. गणितापासून लांब उडीपर्यंत बाकी जे काही घाम काढणारं, ते हिच्याकडे. बाळी हिच्या चौथीतली, कौसाबाईची पोरगी. आदल्या दिवशी शिरगावात आसपासच्या शाळांच्या स्पर्धा झाल्या, त्यात बाळीने उडी मारली आणि मनगट मोडून घेतलं.

ती उंबऱ्यात बसली होती. उजवा हात कोपरापर्यंत पांढराफेक. धाकट्या भावाने त्या प्लास्टरवर कोळशाने कोंबडा काढून ठेवला होता. आपल्यावरून भांडण चाललंय याचं तिला काही नव्हतं.

"बाई, नंबर कोनाला भेटला?"

"खरवईच्या पोरीला."

"हॅट्! ती त माझ्याशी कमी उडाली."

"कमीच उडाली. पन टेप टाचेपासून नाय लावत गो. वालूत सगल्यात मागं जो डाग पडल, तिथून लावतात. तुझा हात मागं टेकला."

"हात त नुसता टेकला मी."

"टेकला तिथून मोजली."

बाळीने प्लास्टरकडे असं पाहिलं, जशी काही त्या हाताने तिच्याशी दगाबाजी केली. मग म्हणाली, "मंग हात मागं नेयाचा नाय, ह्या तुमी आदी का नाय सांगितला?"

चूल फुंकायचा आवाज थांबला.

गुळाचा चहा समोर आला, तो रोहिणीने कढतच घशाखाली ढकलला आणि उठली.

आधी का सांगितलं नाही, याचं उत्तर भाताच्या तुसात आहे.

आमच्याकडे भाताची गिरणी जिथे, तिथे मागच्या बाजूला तुसाचा ढीग. ढोरं ते खात नाहीत, चुलीत ते नीट पेटत नाही. पोरांना मात्र त्याच्यासारखी गादी नाही. भिंतीवर चढायचं आणि तुसात अंग टाकायचं. कसंही पडा, पाठीवर पडा, बुडावर पडा, तूस आत घेतं आणि वरून मिटतं. उठलं की अंग खाजतं एवढाच काय तो दंड. रोहिणीचं माहेर धरणाच्या खालच्या गावातलं, घरची भातशेती. तिच्या लहानपणी शाळेच्या गुरुजींनी लांब उडीसाठी खड्डा खणला. वाळू नदीत होती, पण ती ट्रकात बसून शहरात जायची, शाळेत यायची नाही. गुरुजींनी डोकं चालवलं आणि खड्ड्यात तूस भरलं. काम झालं. आजूबाजूच्या दोन-चार शाळांनी तेच केलं.

त्या खड्ड्यात रोहिणी उडायला शिकली. काटक पोर, पायात भिंगरी. तालुक्याला पहिली आली. तिथलाही खड्डा असाच, अर्धा तूस अर्धी माती. मग ठाण्याला गेली जिल्ह्याच्या स्पर्धेला. तिथे पहिल्यांदा खरी वाळू. उडी अशी मारली की बघणारी पोरं ओरडली. पण पंचाने टेप लावली ती पार मागून. रोहिणीने त्याला तिथेच विचारलं, "माझा पाय तिथं हाय, तुमी इथनं कशी मोजता?" पंच काहीतरी म्हणाला, गर्दीत ते ऐकू आलं नाही, आणि पुढच्या पोरीचं नाव पुकारलं गेलं. तेव्हापासून ती गोष्ट रोहिणीच्या पोटात बसली ती बसलीच. ठाण्याच्या लोकांनी गावची पोर बघितली आणि तिची उडी खाल्ली.

ही गोष्ट तिने ज्याला सांगितली नाही असा माणूस नाही. लग्न होऊन शिरगावला आली, नवरा अभिजीत अंबरनाथच्या कारखान्यात पाळीवर जाणारा. त्याला ती इतक्यांदा ऐकवली, की तो जेवता जेवता पुढचं वाक्य स्वतःच म्हणायचा, "आणि मग त्याने टेप मागे ओढली." सासूबाई कपाळाला हात लावायच्या. पण रोहिणीला ती हसण्यावारी नेण्याची गोष्ट वाटत नव्हती. शिक्षिका झाली, फिरत फिरत भोकरवाडीला आली, तेव्हा पहिल्या आठवड्यात तिने काय केलं? शाळेच्या मागे खड्डा खणून घेतला. खरवईच्या पुढे दौलतरावांची गिरणी आहे, तिथून टेम्पोभर तूस आणलं. दौलतराव म्हणाले, "न्या ओ बाई, लागेल तेवढा न्या. आमची बी जागा मोकली होईल."

ती शिकवायची मात्र जीव लावून. खेळाच्या पुस्तकात सगळं लिहिलेलं असतं, पण ते वाडीच्या पोरांना वाचून दाखवलं तर ती जांभया देतात. रोहिणी त्यांच्याशी त्यांच्याच बोलीत बोलायची, जी तिचीही आहे. बांधावरून चालणारी पोरं, त्यांची नजर सदा पायाखाली. तिथे खेकडं असतं, कधी जनावर असतं. पळतानाही खाली बघायची आणि उडी घ्यायच्या फळीजवळ आली की अडखळायची. तिने समोरच्या आंब्याच्या फांदीला तांबडी चिंधी बांधली. "पायाखाली काय हाय ते पायाला ठाव हाय. तू चिंधी बग!" पाटाचं पाणी ही पोरं कुठल्याही पायाने ओलांडतात, आज डावा तर उद्या उजवा. तिने एकेकाला मागून हळूच ढकललं, तोल सावरायला जो पाय आधी पुढे आला तो हेरला, आणि दुसऱ्या पायाला गवताची काडी बांधली. "ह्या काडीचा पाय फलीवर आपटायचा. आवाज आला पायजे. आवाज नाय त उडी नाय." गुडघा वर कसा न्यायचा, छाती कशी उघडायची, सगळं शिकवलं.

पडायचं तेवढं शिकवलं नाही. पडायचं काय शिकवायचं? माणूस पडतंच. खाली तूस होतं.

तिचं शिकवणं वाया गेलं असंही नव्हतं. बाळी फळीवर आली तेव्हा पाय असा वाजला, की शिरगावच्या मैदानावर बाजूला चहा पिणारे मास्तर वळून बघायला लागले. पोरगी वर गेली, गुडघे छातीशी आले, पाय लांब पुढे गेले. टाचा वाळूत रुतल्या आणि तिथून पुढे बाळीने तेच केलं, जे तिने शाळेच्या खड्ड्यात रोज केलं होतं. मजेत मागे बसली. उजवा हात मागे टेकला. तुसात तो हात कोपरापर्यंत आत गेला असता. वाळूत नाही गेला. दाबून सपाट केलेली चांगली ओलसर वाळू ती. त्या वाळूने हात आत घेतलाच नाही, आणि मनगट मागच्या मागे दुमडलं.

पोर रडली नाही. रोहिणी धावली, तिला उचललं, कुणीतरी रिक्षा आणायला पळालं. आणि त्या गडबडीत, पोरीला काखेत धरून उभी असताना, रोहिणीची नजर वाळूवर गेली. पुढे टाचांचे दोन खोल खड्डे. मागे, चांगलं हातभर मागे, पाच बोटं उमटलेला एक पंजा. पंच वाकून टेपचं टोक त्या पंजाला लावत होता. त्याने काही कुणाचं खाल्लं नव्हतं. जिथे डाग, तिथे टेप.

तूस डाग धरत नाही. वरून मिटतं.

उल्हासनगरच्या दवाखान्यात प्लास्टर घालायच्या आधी बाळीच्या हातातली प्लास्टिकची बांगडी कापावी लागली, तेव्हा कुठे ती मोठ्याने रडली. रोहिणी शेजारी बाकावर बसून होती. लहानपणापासून जी गोष्ट ती सांगत आली, ती ठाण्याच्या पंचाची नव्हती, तिच्या स्वतःच्या हाताची होती. ती चूक तिला कुणी दाखवली नाही, हे खरं. पण तिने ती जपून ठेवली आणि वाडीच्या एका एका पोराच्या अंगात भरली. त्या रात्री अभिजीतने जेवताना सवयीने विषय काढला, "काय, परत टेप मागे ओढली की काय?" ती म्हणाली, "बराबर ओढली त्यानी." अभिजीतचा घास हातातच राहिला. त्यानंतर ती गोष्ट घरात कुणी काढली नाही. काढायला काही उरलं नव्हतं.

राजेश सरांचं म्हणणं सरळ होतं. "बाई, सोडा ना आता. लंगडी घ्या, खो-खो घ्या. पालक तयार नाहीत, वर विचारलं तर मी काय सांगू? उडीशिवाय शाळा बंद पडत नाही."

"उडी बंद करू, सर. पण पोरं उड्या बंद करतील का?"

"म्हणजे?"

ती सरांना दारात घेऊन गेली. मधली सुट्टी होती. शाळेच्या पायऱ्यांवरून, कठड्यावरून, पाण्याच्या टाकीच्या ओट्यावरून पोरं धडाधड खाली उड्या टाकत होती. तिसरीतला आकाश कठड्यावरून उडाला, खाली कडक माती, तो बुडावर आपटला आणि दोन्ही हात मागे टेकले. हसत उठला, बूड झाडलं, परत वर चढला.

"बघितलं? हात बघितले त्याचे? ते मी शिकवलंय. खो-खो घेऊन ते निघणार नाही, सर. मी घातलंय, मलाच काढावं लागेल."

सरांनी आकाशची पुढची उडीही बघितली. मग म्हणाले, "वाळूचं मी बघतो. पालकांचं तुम्ही बघा." एवढं बोलून ते आत गेले. खरवईला घर बांधणारा त्यांच्या ओळखीचा एक जण होता, त्याने उरलेली वाळू अर्धा टेम्पो पाठवून दिली. तिच्यात खडी होती. रोहिणीने आधी तूस उपसून काढलं, वाडीतल्या कोंबड्यांनी त्यात पांगापांग केली, आणि मग वाळू चाळून चाळून खड्ड्यात भरली. पोरं लांब उभी राहून बघत होती. एकही पुढे येईना. आया घरात कौसाबाईचा शब्द पाळत होत्या आणि पोरं आयांचा मार चुकवत होती.

कौसाबाई काही वाडीची पुढारीण नव्हे. पण पंपाचं पाणी कुणी किती घ्यायचं इथपासून, कुठल्या पोराला ताप आला तर कुणाची मोटारसायकल उठवायची इथपर्यंत, बाया तिच्याकडे बघून ठरवतात. तिने नाही म्हटलं म्हणजे नाही. रोहिणी दुसऱ्यांदा तिच्या दारात गेली. या वेळी ओट्यावर आणखी चार बाया वाल निवडत बसलेल्या.

"वालू आनली, कौसाबाय. तूस काढून टाकला."

"मंग? बालीचा हात वालूवरच मोडला ना? तुसात त नाय मोडला."

बाया हसल्या. रोहिणीलाही पटलं, की ऐकणाऱ्याला हे असंच दिसणार.

"तुसान तिला लाड लावला न वालून हात मोडला. मी पडायला शिकवनार हाय आता. आदी पडायला, मंग उडायला."

"तुमाला येतं का?"

"काय?"

"वालूवर पडायला. तुमी पन तुसातल्याच ना? तुमच्याच तोंडान आईकलाय मी, गुरुजींनी तूस भरला न मी उडाली."

कौसाबाईने सुपातले वाल पाखडले, फोलपटं उडाली.

"आसा करा. पयली तुमी मारा उडी. वालूवर, आमच्यासमोर. तुमचा हात शाबूत राहिला त मंग बगू."

"आगं कौसा, काय बोलतंस!" बनूबाई म्हणून एक म्हातारी होती, ती म्हणाली. "बाईंचा आंग बगलास का?"

"बगलाय. खड्डा जरा मोठा खना म्हनावा."

आता मात्र ओटाभर हशा झाला. रोहिणी चाळिशीच्या पुढची, दोन पोरांची आई, चढण चढताना दम लागणारी. तीही हसली. पण हसून झाल्यावर म्हणाली, "शनवारी या."

सांगायला सोपं. दुसऱ्या दिवसापासून ती पोरं यायच्या आधी शाळेत येऊ लागली. धावून उडी मारायच्या भानगडीत ती पडलीच नाही. खालच्या पायरीवरून नुसतं वाळूत उतरायचं, टाचा टेकल्या की गुडघे सोडायचे आणि पुढे जायचं. पुस्तकात एका ओळीत लिहिलंय. अंग काही ती ओळ वाचायला तयार नव्हतं. टाच टेकली की बूड मागे. बूड मागे की हात मागे. तिने दोन्ही हातांत पाटी धरून बघितली, म्हणजे हात मोकळा राहणार नाही. तर पाटी हवेत आणि हात मागेच. पाटी फुटली ती वेगळीच. मन म्हणत होतं पुढे, कंबर म्हणत होती तुसात आहोत आपण. तिला पहिल्यांदा कळलं, की पोरांना नुसतं ओरडून सांगण्यात काही अर्थ नाही. 'पुढे पड' हे सांगून होत नाही. अंगाला पुढे जायचं काही कारण पाहिजे.

ते कारण तिला दोन दिवस रोज समोर दिसत होतं. वाडीच्या बाया रानातून लाकडाचे भारे घेऊन उतरतात आणि शाळेच्या कुंपणाशी दम खायला थांबतात. भारा डोक्यावरून उतरवायला दुसरं माणूस नसलं, की टाकावा लागतो. मान खाली, दोन्ही हातांनी ढकलून समोर फेकायचा, गुडघे सैल सोडायचे, आणि भाऱ्यामागे आपणही एक पाऊल पुढे जायचं. मागे राहिलात तर भारा पाठीवर. मागे कुणी राहत नाही. रोहिणीने लहानपणी असे किती भारे टाकले असतील. पण ते काम होतं आणि उडी हा खेळ, दोन्ही एका जागी ठेवून बघायचं तिला कधी सुचलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी बनूबाईने भारा टाकला आणि रोहिणी पायरीवर उभी राहून बघतच राहिली.

"बनूबाय, जरा डोक्यावर द्या ना माझ्या."

"भारा?"

"भारा."

"तुमाला घरी नेयाचाय?"

"नाय ओ. टाकायचाय."

बनूबाईने दिला. रोहिणीने टाकला. परत मागितला, परत टाकला. चार-पाच वेळा झाल्यावर म्हातारी खाली बसली आणि तिने तंबाखू काढला. "टाका टाका. फोडूनच ठेवा लाकडा, माझा काम वाचल."

मग रोहिणी भाऱ्याशिवाय पायरीवर चढली. हात डोक्यावर नेले, जसा काही आहेच भारा तिथे. वाळूत उतरली, टाच टेकली, आणि हात फेकले. बूड मागे बसायला निघालं होतं, ते हातांमागे ओढत पुढे आलं. ती गुडघ्यांवर आली, मग तोंडावर. तोंडात वाळू गेली. मागे वळून बघितलं तर टाचांच्या मागे वाळू कोरी. बनूबाईने तंबाखू मळता मळता मान हलवली. तिला यात काही मोठं वाटलं नाही. भारा असाच टाकतात.

शनिवारी सकाळची शाळा. बाया आल्या, कडेवर पोरं, हातात विळे, कारण इथून तशाच रानात जाणार. कौसाबाई बाळीला घेऊन आली. राजेश सर लांब व्हरांड्यात उभे, बघायचं की नाही या पेचात. रोहिणीने ओढणी कमरेला खोचली, चप्पल काढली आणि मागे जाऊन उभी राहिली. पोरं कुंपणाला चिकटली होती. कुणीतरी पोरगं म्हणालं, "बाई पडनार," दुसरं म्हणालं, "पडायचाच हाय येड्या."

ती धावली. जड धावली, पण चिंधीकडे बघत धावली आणि पाय फळीवर वाजला. एवढ्या वर्षांनी वाजला. त्या आवाजाने तिला स्वतःलाच इतका आनंद झाला, की वर गेल्यावर बाकी सगळं डोक्यातून गेलं. ठाण्याला पडली होती तश्शी पडली. बूड धपकन वाळूत. हात मागे गेलाच होता, तो शेवटच्या क्षणी तिने पोटाशी ओढला.

कुंपण हसलं, बाया हसल्या, सरांनी तोंड फिरवलं. हसली नाही ती कौसाबाई. ती खड्ड्यात उतरली, रोहिणीचा उजवा हात धरला आणि मनगट दोन्ही अंगठ्यांनी दाबून बघितलं. बाळीचं मनगट दवाखान्यात जसं दाबलं होतं तसंच.

"दुखतं?"

"नाय."

"हा नशिबान वाचला. ही उडी मी धरनार नाय. परत मारा."

रोहिणी उठली. बुडाची वाळू झाडली. या वेळी मागे जाऊन उभी राहिली तेव्हा तिने हसणाऱ्यांकडे बघितलं नाही. ओठ हलत होते, काय म्हणत होती ते कुणाला ऐकू गेलं नाही. धावली. पाय वाजला, आधीपेक्षा कमीच वाजला. उडी आखूड झाली. पण वरून खाली येताना तिने दोन्ही हात असे फेकले, की समोर खरोखर काही पडेल असं वाटावं. टाचा रुतल्या, गुडघे गेले, अंग हातांमागे गेलं आणि बाई चारी पायांवर, नाक वाळूत.

थुंकत उठली. गुडघा सोलवटला होता.

कौसाबाईने तिच्याकडे बघितलं नाही. ती वाकून वाळू बघत होती. टाचांचे दोन खड्डे, त्यांच्या पुढे उधळलेली वाळू आणि मागे काही नाही. रोपाच्या वाफ्यात कोंबडी शिरली होती का बघावं, तशी तिने ती मागची वाळू नीट निरखली.

"मागं काय नाय," ती म्हणाली. मग सरळ झाली. "न पोर चुकला त? लहान हायत. तुमी बाईमानूस होऊन पयल्यांदा चुकल्यात."

खोटं बोलायची वेळ होती. एक शब्द दिला असता तर काम झालं असतं. सगळ्या बाया त्या एका शब्दासाठी थांबल्या होत्या.

"चुकल," रोहिणी म्हणाली. "पडल. गुडघा फुटल, नाक सोलल. हात मोडनारच नाय आसा मी नाय सांगत. पन ती तशी पन कठड्यावरून उड्या टाकतात, कौसाबाय, न हात मागं टेकतात. ती सवय मीच लावली. ती मी काढीन. पयल्या पायरीवरून चालू करीन. जोवर पडायला येत नाय, तोवर फलीवर एक पन पोर नेनार नाय. स्पर्धा या वर्षी नाय."

कौसाबाईने कमरेचा विळा काढून हातात घेतला, पुन्हा खोचला. बनूबाईने खाकरून तंबाखू थुंकला.

"बालीचा प्लास्टर निघंपर्यंत बाली नाय," कौसाबाई शेवटी म्हणाली. "निघाल्यावर तिला इचारा. मना इचारू नका, मी नाय बोलन." मग बायांकडे वळून, "तुमचा तुमी बगा. मी आडवली होती, आता मी आडवत नाय." आणि रोहिणीला, "पन शनवारी मी येनार. इतं बसनार. कोनाचा हात मागं गेला त मी वरडनार, न तवाच्या तवा बंद."

"वरडा. मना पन मदत होईल."

"मदतीला नाय येत मी," कौसाबाई म्हणाली आणि कुंपणाच्या सावलीत जाऊन बसली. बाळी तिच्याजवळ, प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन. काही बाया पोरांना ओढत घरी घेऊन गेल्या. त्यातल्या दोघी-तिघी वाटेत थांबून बोलल्या, आणि पोरं परत पळत आली. सगळी नाही आली. अर्धी आली असतील.

राजेश सर व्हरांड्यातून ओरडले, "बाई, गुडघ्याला काही लावा!" "लावते, सर," म्हणाली ती, पण गेली नाही. तिने फावडं घेतलं, आपल्या टाचांचे खड्डे बुजवले आणि वाळू एकसारखी ओढली. पोरं पायरीवर चढायला ढकलाढकली करत होती.

"ए, रांग! डोक्यावर काय हाय?"

"भारा!"

"खाली आल्यावर काय करायचा?"

"टाकायचा!"

"कुठं?"

"म्होरं!"

"आकाश, तू ये. वरून नाय रे, पयली पायरी. पयली बोलले मी. हात वर. चल."

आकाश उतरला. हात मागे गेला. सावलीतून कौसाबाई ओरडली. रोहिणीने वाळू ओढली, आणि आकाशला परत पायरीवर चढवलं.